नंबर कितवा आला गं?

मार्क, रँक, टक्के या विषयावरची पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज या सदराकडं वर्षभर येतच असतात, दरवेळी एखादं घेते आणि बाकीची राहून जातात. म्हणून यावेळी बेळगाव, खानापूर, निपाणीकडची साठलेली काही एकदमच घेतलीत. नावं नेहमीप्रमाणं छापत नाही. पत्रं थोडी कापलीत, बोलणं ज्याचं त्याचं ठेवलंय.

प्रश्न : बाई, नमस्कार. माझी मुलगी नववीला आहे, इंग्लिश मीडियमला. पहिलीपासून ती पहिल्या तिनात असायची, यावेळी एसए-वनला, म्हणजे सहामाहीला, सहावी आली. टीचरनी अख्ख्या वर्गाची लिस्ट नंबरासकट पालकांच्या ग्रुपवर टाकली आणि आमच्या घरात सुतक आल्यासारखं झालं. आता ती मैत्रिणीला वही देत नाही, सायन्सच्या नोट्स दप्तरात तळाला लपवून ठेवते. काहीही शिकवायला घेतलं की पहिला प्रश्न, हे परीक्षेला येणार काय? फर्स्ट लँग्वेज संस्कृत घेतलंय कारण स्कोअरिंग आहे, सव्वाशेपैकी सव्वाशे पडतात म्हणतात. घरात मराठी बोलतो आम्ही पण आजीनं लिहिलेली चिठ्ठी तिला धड वाचता येत नाही. मिस्टर म्हणतात, कॉम्पिटिशनचं जग आहे, आतापासूनच कळू दे. मला मात्र कुठंतरी चुकतंय असं वाटायलंय.
(एक आई, शहापूर, बेळगाव)

उत्तर : ताई, मिस्टरांनाच आधी एक हिशेब सांगा. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटक बोर्डाच्या दहावीला, एकूण मार्क ६२५, फर्स्ट लँग्वेजला १२५ आणि बाकी पाच विषयांना शंभर शंभर. यात शेजारच्या मुलीला ६१० पडले म्हणून तुमच्या मुलीचा अर्धा मार्कही कमी होत नाही. पेपर तपासणाऱ्याला ती वर्गात पहिली की सहावी हे माहीतही नसतं. म्हणजे ज्या नंबरावरून घरात सुतक आलं तो नंबर बोर्डाच्या हिशेबात कुठंच नाही, तो फक्त त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आहे! खरी रँक पुढं मेडिकल-इंजिनिअरिंगच्या नीट आणि सीईटी या प्रवेशपरीक्षांना लागते, जागा मोजक्या असतात म्हणून, पण तिथं समोर राज्यातली, देशातली लाखो पोरं असतात, त्यात एका मैत्रिणीला मागं ठेवून काय मिळणार आहे? उलट तिला वही द्यावी आणि जमलं तर धडाच समजावून सांगावा, कारण सांगताना जिथं अडखळतो तिथंच आपल्याला कळलेलं नसतं आणि हे एरवी परीक्षेच्या हॉलमध्येच समजतं.

आता नंबरामुळं शिकण्याचं काय होतं ते बघू. रूथ बटलर नावाच्या संशोधकांनी इस्रायलमधल्या पाचवी-सहावीच्या मुलांवर केलेला एक अभ्यास १९८८ मध्ये छापून आला होता, शिक्षणाच्या क्षेत्रात तो अजून सांगितला जातो. काही मुलांना कामावर फक्त मार्क दिले, काहींना मार्क न देता फक्त शेरा दिला, म्हणजे काय बरं जमलंय, काय सुधारायचंय असं दोन ओळीत, आणि काहींना मार्क आणि शेरा दोन्ही. फक्त शेरा मिळालेल्यांचं पुढचं काम सुधारलं आणि त्यांची गोडीही टिकली. गंमत पुढं आहे, दोन्ही मिळालेल्यांना शेऱ्याचा फायदा झालाच नाही, ती मुलं फक्त मार्क मिळालेल्यांसारखीच राहिली. आपणही पोरांचा पेपर हातात आला की काय करतो, वरचा आकडा बघतो आणि ठेवून देतो, आतली लाल शाई कोण वाचतंय. तिथं आणि नंबराची लिस्ट जोडली की मग विषयच संपला, पोरीला वाटायला लागतं की ती लिस्ट म्हणजेच मी.

आणि असं वाटायला लागलं की मूल जोखीम घेत नाही. चुकेल म्हणून हात वर करत नाही, अवघड गणित सोडून देतं, जिथं मार्क नक्की तिथंच जातं. ‘परीक्षेला येणार काय’ हा प्रश्न तिथूनच आलाय. संस्कृतवर माझा राग नाही, आवडीनं शिकली तर सोन्याहून पिवळं. पण नववीच्या पोरीनं भाषा निवडताना सव्वाशेपैकी सव्वाशे एवढंच बघितलं असेल तर तिची काही चूक नाही, मोठ्यांनी तेच शिकवलंय. आजीची चिठ्ठी वाचायला बोर्ड लागत नाही, रविवारी दोघी बसल्या तर सुट्टीच्या आत येईल वाचायला.

करायचं काय म्हणाल तर टीचरना एकदा शांतपणे सांगा की लिस्ट ग्रुपवर नको, ज्याचे त्याचे मार्क त्याला पाठवा. तुमच्यासारखंच वाटणाऱ्या अजून दोनतीन आया असतीलच, त्यांना घेऊन जा. आणि घरी नंबराचं नावच काढायचं नाही, पेपर घेऊन बसायचं, गेलेला एकेक मार्क बघायचा. माहीतच नव्हतं म्हणून गेला, माहीत होतं पण लिहिताना घोळ झाला, की वेळ पुरला नाही? नववीला फिजिक्समध्ये वेग आणि काळाचा ग्राफ असतो, त्यात रेषेखालचं क्षेत्रफळ काढलं की अंतर मिळतं. पोरं ते क्षेत्रफळ बरोबर काढतात, पूर्ण मार्क घेतात, पण क्षेत्रफळाचं अंतर कसं काय झालं असं विचारलं की गप्प. तिला हे एकदा विचारून बघा. उत्तर आलं तर सहावा नंबर विसरून जा, नाही आलं तर पहिला आला असता तरी काम बाकीच होतं.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात मराठी हायस्कूलला गणित शिकवतो. दहावीत आलेल्या बऱ्याच पोरांना अपूर्णांकांची बेरीजसुद्धा येत नाही. डिसेंबर उजाडला की वरून एकच चालू, पासिंग पॅकेज घ्या, टक्का वाढवा, तालुका कितवा, जिल्हा कितवा. जानेवारीनंतर नवीन काही शिकवायचं नाही, तेच ठरलेले प्रश्न घोटून घ्यायचे. हे शिकवणं नव्हे हे मलाही कळतंय. पण नाही केलं तर पोरगं नापास होतंय, मग त्याचं काय?
(एक शिक्षक)

उत्तर : सर, तुमच्या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करते कारण खरा पेच तिथंच आहे. आपल्या भागात दहावी नापास झालेलं पोरगं जूनमध्ये गोव्याला हॉटेलात जातं नाहीतर बेळगावच्या उद्यमबागला फौंड्रीत लागतं, आणि एकदा पगार हातात आला की परत पुस्तक कोण उघडतंय. त्यामुळं पासिंग पॅकेजला नावं ठेवणाऱ्यांत मी नाही. पासच्या काठावर अडकलेल्या पोराला त्या चार प्रश्नांनी वर काढलं तर काढू दे की.

पण टक्क्याचं जे चाललंय ते वेगळं. आपल्या एका जिल्ह्याचे शिक्षण खात्यात दोन जिल्हे, बेळगाव आणि चिक्कोडी, आणि निकाल लागला की दोन्हींचा राज्यात नंबर कितवा हे पेपरात मोठ्या अक्षरात येतं, मग वरचा खालच्याला झापतो, तो हेडमास्तरांना आणि हेडमास्तर तुम्हाला. डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकातच सांगून ठेवलंय की एखाद्या आकड्यावर जितके जास्त निर्णय लटकवाल तितका तो आकडा बिघडत जातो आणि ज्याचं मोजमाप करायला तो आणला होता तेही बिघडवतो. आपल्याकडं हे डोळ्यांनी बघितलंय. २०२३ ला राज्याचा एसएसएलसीचा निकाल ८३.८९ टक्के होता. २०२४ ला परीक्षेच्या हॉलमध्ये कॅमेरे लावून वेबकास्टिंग केलं आणि निकाल आला ७३.४० टक्के, तोही ग्रेस मार्क वाढवून दिल्यावर! एका वर्षात राज्यातली पोरं काही ढ झाली नव्हती. आधीच्या टक्क्यात काय काय मिसळलेलं होतं ते तुम्हीही जाणता, मीही जाणते, जास्त लिहीत नाही.

तुमच्या हातात काय आहे ते बघू. थेल्सचं प्रमेय घ्या, पॅकेजमधलं हक्काचं. पोरं ते कसं पाठ करतात तर त्रिकोण एबीसी, त्यात बीसीला समांतर डीई, टोक वर, पाया खाली. मी शिकवत होते तेव्हा एक खोड काढायचे, तोच त्रिकोण आडवा काढायचा आणि नावं द्यायची पीक्यूआर. अर्धा वर्ग पेन खाली ठेवायचा, बाई हे शिकवलं नाही म्हणून. अहो तेच आहे की! मग रडतखडत एकदोघं पुढं यायचे, कुठली बाजू कुठल्या बाजूला समांतर ते बोटानं दाखवायचे, आणि तिथून पुढं ते प्रमेय त्यांचं व्हायचं. पॅकेज तेच ठेवा, प्रश्न तेच ठेवा, पण आकृती रोज फिरवा, अक्षरं बदला, उत्तर देऊन प्रश्न विचारा. वरून कोण तपासायला आलं तर वहीत पॅकेजच दिसणार, तक्रारीला जागा नाही.

अपूर्णांकांचं दुखणं मात्र दहावीत बरं होणार नाही. ते आठवीच्या जूनमध्ये धरलं पाहिजे, तासाची पहिली दहा मिनिटं, तोंडी, मार्क न देता, आणि वर्गातल्याच ज्याला येतं त्याच्याकडून शेजाऱ्याला. प्रायमरीच्या मास्तरांवर ढकलून मोकळं व्हायची आपल्या हायस्कूलवाल्यांची जुनी सवय आहे, ती सोडलेली बरी.

प्रश्न : बाई, मी यळ्ळूरचा. एसएसएलसीला मराठी मीडियममधून ९१ टक्के पडले, गावात बॅनरवर फोटो लागला होता. आता बेळगावात पीयूसी (अकरावी) सायन्सला आहे. पहिल्या टेस्टला फिजिक्सला ५० पैकी ११ पडले. सगळं इंग्लिशमधून आणि लई फास्ट शिकवतात. घरात अजून सांगितलं नाही. रात्री एकपर्यंत वाचतोय, वाचताना सगळं येतंय वाटतंय पण टेस्टला बसलो की डोकं ब्लँक. टॉपर लोक किती तास अभ्यास करतात?

उत्तर : आज रात्री जेवताना घरात सांगून टाक. बॅनरवरचा फोटो आणि खिशातली ११ मार्कांची चिट्ठी दोन्ही घेऊन फिरायचं ओझं मोठं आहे, त्यात फिजिक्स कुठं मावणार.

दुसरी गोष्ट, तुला कुणी सांगितली नसेल. इंजिनिअरिंगला केसीईटीची रँक काढताना निम्मं वजन सीईटीच्या मार्कांना आणि निम्मं पीयूसीच्या फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सला असतं, पण ते सेकंड पीयूसीचं, म्हणजे बारावीचं. फर्स्ट इयरचे मार्क त्यात धरत नाहीत. म्हणजे हे पूर्ण वर्ष तुला गाडी रुळावर आणायला आहे, आणि नेमकं याच वर्षी पोरं लाजेनं गप्प बसतात. मराठी मीडियमची सगळीच पोरं पहिले काही महिने भाषेत अडकतात, त्यात तुझं डोकं कमी आहे असं काही नाही. एक पातळ वही घाल, रोजच्या तासातले न कळलेले शब्द त्यात लिही, दिवाळीपर्यंत तेच तेच शब्द परत यायला लागतात.

आता तासांचं. टॉपर किती तास वाचतो हे विचारूच नको, खरं कोण सांगत नाही, एक जण कमी सांगतो आणि दुसरा जास्त. वाचताना सगळं येतंय वाटतंय हीच फसवणूक आहे. रोएडिगर आणि कार्पिकी या दोघा अमेरिकन संशोधकांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांवर प्रयोग छापला. एका गटानं उतारा परत परत वाचला, दुसऱ्यानं एकदाच वाचून नंतर पुस्तक मिटून आठवेल तेवढं तीनदा लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढं होते. आठवड्यानं विचारलं तर वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना ६१ टक्के. तू रात्री एकपर्यंत जे करतोस ते पाच मिनिटांपुरतं आहे बाळा.

म्हणून एक तास वाच, मग पुस्तक बंद, कोऱ्या कागदावर जे आठवतं ते लिही, मराठीत लिहिलंस तरी चालतंय. मग पुस्तक उघडून ताडून बघ. पहिले काही दिवस कागद लाजिरवाणा दिसेल. दोन दिवसांनी त्याच धड्याचा परत एकदा कागद. आणि अकराला झोप, बस पकडायला तुला सकाळी लवकर उठावं लागत असणार.

तुझ्या ९१ टक्क्यांत खोट नव्हती, ते तू मिळवलेले आहेत. फक्त ते ज्या पद्धतीनं मिळाले ती पद्धत पीयूसीला पुरत नाही, एवढंच.

प्रश्न : आमच्या काळात शाळेत नंबर काढायचे, पहिल्या नंबराला मान होता, चढाओढ होती म्हणून आम्ही शिकलो. आता कुणाला नापास करायचं नाही, कुणाचं मन दुखवायचं नाही. तरी सगळ्यांना नव्वद टक्के! आमच्या पतसंस्थेतर्फे नव्वदच्या वरच्यांचा सत्कार करतो, गेल्या खेपेला शाली कमी पडल्या. स्पर्धाच काढली तर पोरं आळशी होणार नाहीत काय?
(एक आजोबा, निपाणी)

उत्तर : काका, शाली कमी पडल्याचं वाचून हसू आलं, माफ करा. तुमचं अर्धं म्हणणं मला पटतं. चढाओढीत मजा असते, पोरांना ती आवडते, वक्तृत्व, कबड्डी, पाढे, कशातही. पण आखाड्यात जोड लावताना वजन बघतातच की, पन्नास किलोच्या पोराला ऐंशीच्या पैलवानापुढं कोण सोडत नाही. वर्गात आपण तेच करतो, चाळीस जणांना एका रांगेत उभं करतो. पुढच्या चारपाच जणांत झुंज लागते, ती त्यांना चांगलीच. मधल्यांना फरक पडत नाही. आणि शेवटचे दहा जण चौथी-पाचवीतच ठरवून टाकतात की हे आपलं काम नव्हे. तुमच्या काळातही ते दहा होते काका, फक्त ते शाळा सोडून तंबाखूच्या वखारीत नाहीतर शेतात गेले म्हणून तुमच्या आठवणीत नाहीत.

नापास न करण्याचं म्हणाल तर २००९ च्या शिक्षण हक्काच्या (आरटीई) कायद्यात आठवीपर्यंत मागं ठेवायचं नाही असं होतं, २०१९ मध्ये दुरुस्ती होऊन पाचवी आणि आठवीचा निर्णय राज्यांवर सोडला. कर्नाटकानं पाचवी, आठवी, नववीला बोर्डासारखी परीक्षा घ्यायला काढली तर प्रकरण कोर्टात गेलं आणि एप्रिल २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं निकालच थांबवले. पोरं पेपर देऊन बसलेली आणि मोठी माणसं भांडतायत. माझं मत विचाराल तर परीक्षा पाहिजेच, भरपूर पाहिजे, पण तिचा निकाल मास्तरांना पुढं काय शिकवायचं ते सांगणारा पाहिजे. परीक्षा काढून टाका म्हणणारे आणि परत नंबर लावा म्हणणारे, दोघांशीही माझं जमत नाही.

नव्वद टक्क्यांचं म्हणजे प्रत्येक विषयात वीस मार्क (फर्स्ट लँग्वेजला पंचवीस) शाळेच्या हातात, तिथं शाळा हात आखडत नाही, आणि उरलेल्या ऐंशीचा पेपर कुठल्या धड्याला किती मार्क या ठरलेल्या साच्यात. साचा माहीत असलेल्या पोराला ऐंशीतले सत्तर काढणं फार अवघड राहिलेलं नाही. म्हणून आता नव्वद हा आकडा काही सांगत नाही, तुमच्या वेळचा फर्स्ट क्लास सांगायचा तसं.

सत्कार बंद करू नका, उलट वाढवा. हेडमास्तरांना सांगा, नववीपेक्षा दहावीत सगळ्यात जास्त वर आलेली पोरं कोण ती द्या, मग ती चाळिसावरून साठला आलेली असू देत. स्टेजवर एकदा असं पोरगं चढवा आणि मागच्या रांगेतल्या त्याच्या दोस्तांचं तोंड बघा. शालीचे वाचलेले पैसे शाळेच्या लॅबला द्या, बऱ्याच गावांत परीक्षानळ्या कपाटात कुलपात असतात, फुटतील म्हणून.

प्रश्न : मला एसएसएलसीला ५७१ पडलेत. मैत्रिणीला ५८० आहेत आणि ती एक्झाम-२ ला बसणार म्हणतेय. मी पण बसू काय? गणितात ७८ आहेत, बाकी सगळे नव्वदच्या वर. पुढं सायन्स घ्यायचंय.
(हे मे महिन्यातलं, उत्तर तेव्हाच फोनवर दिलं होतं. हाच प्रश्न पुढच्या मेमध्येही येणार म्हणून छापतेय.)

उत्तर : २०२३-२४ पासून आपल्याकडं वर्षात एकाहून जास्त परीक्षा असतात, एक्झाम-१, एक्झाम-२ अशा, आणि ज्यात जास्त पडतात तेच मार्क धरतात, त्यामुळं बसलीस तर तोटा काही नाही. पण ५८० साठी बसू नको, मैत्रीणही कुणाच्यातरी ५९० कडं बघून फॉर्म भरत असणार. ७८ साठी बस. सायन्स घेणार असशील तर तोच विषय पुढं रोज लागणार आहे आणि एवढे मार्क कुठं गेले ते शोधायला हे निमित्त बरं आहे. आधी उत्तरपत्रिकेची स्कॅन कॉपी मागव, मग ठरव, सगळं पुस्तक परत घोटत बसू नको. आणि फॉर्मची तारीख आजच शाळेत जाऊन विचार, निकालानंतर फार दिवस देत नाहीत.